नौपाड्यातल्या बंगल्यात क्लास काढताना घेतलेली फायर सेफ्टीची सेवा: पाचपैकी चार तारे

गोखले रोडच्या मागे सासऱ्यांचा तळ अधिक एक बंगला आहे. तिथे नववी-दहावीचे क्लास हलवायचे ठरल्यावर आधी दुसराच एक विक्रेता येऊन गेला. "चार सिलिंडर, दोन बोर्ड, सर्टिफिकेट, होऊन जाईल ताई," हे त्याने गेटमध्ये उभं राहूनच सांगितलं. वर चढलासुद्धा नाही.

मग ज्यांना काम दिलं त्या एजन्सीचे इंजिनिअर आले ते जिन्यातच अडकले. टेप लावली, रुंदी भरली नव्वद सेंटिमीटर. घरात राहताना कोण विचारतंय, पण शैक्षणिक वापर म्हटला की नॅशनल बिल्डिंग कोड 2016, म्हणजे इमारतींसाठीची राष्ट्रीय नियमावली, दीड मीटरचा जिना मागते. मग जिन्याखालचं कपाट उघडायला लावलं. आत मीटरची पेटी, तिला टेकून जुनी रद्दी आणि गेल्या दिवाळीचे कंदील. "इथे पेटलं तर धूर याच जिन्याने वर जाणार, आणि पोरं याच जिन्याने खाली येणार," म्हणाले. सासरेबुवा लगेच रद्दी उचलायला लागले.

मला वरच्या हॉलमध्ये मोठी बॅच बसवायची होती. त्यांनी सरळ "नाही" म्हणून सांगितलं. कोडच्या हिशेबात वर्गात माणशी 4 चौरस मीटर धरतात, प्रत्यक्षात जास्त मुलं बसणार असतील तर ती खरी संख्या धरायची आणि बाहेर पडायच्या वाटा तेवढ्या द्यायच्या. म्हणजे मागच्या अंगाला लोखंडी जिना, त्यासाठी आर्किटेक्टमार्फत महापालिकेची परवानगी. शेवटी वर्ग खाली आणि ऑफिस वर, असं ठरलं. लोखंडी जिन्याच्या कामात त्यांचाही फायदा होता, तरी स्वस्तातला मार्ग आधी सुचवला, हे मला आवडलं. आणखी एक गोष्ट त्यांनी आपणहून स्पष्ट केली: त्यांचा फॉर्म ए म्हणजे अग्निशमन यंत्रणा नीट बसवल्याचा दाखला, वापर बदलाची परवानगी नव्हे. ती महापालिकेकडूनच वेगळी घ्यायची. अनेकांचा इथेच घोळ होतो.

प्लायवूडचं पार्टिशन आणि थर्माकोलचं सीलिंग त्यांनी रद्द करायला लावलं. सुतार कुरकुरला. तेव्हा सुरतच्या 2019 च्या आगीचा विषय निघाला. तिथे कोचिंग क्लास होता, जिना लाकडी होता, 22 मुलं गेली. त्यानंतर सुतारही गप्प झाला. मागच्या खिडकीचं ग्रिल बिजागऱ्यांवर घेतलं, आतून किल्लीशिवाय उघडेल असं. वर्गाचं दार आता बाहेर उघडतं.

सिलिंडर ठेवून निघून जाणारी ही माणसं नाहीत. आमच्या मावशींकडून अंगणात एक एबीसी पावडरचा सिलिंडर खरोखर मारून घेतला. पिन ओढताना त्या घाबरल्या, पण सुटल्यावर थांबेचनात. सगळी तुळस पांढरी! मीटरजवळचा सिलिंडर सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा आहे, त्याला प्रेशरचा काटा नसतो, वजन करूनच तो भरलाय की नाही ते कळतं, हेही तिथेच समजलं.

आता एक तारा का कापला ते. कोटेशनमध्ये "इतर कामे" म्हणून एकच ठोक रक्कम होती. फोड मागितली तर टोलवाटोलवी. मजल्याच्या स्लॅबमधून वर गेलेल्या वायरींच्या भोकांत त्यांच्या माणसाने साधी पुट्टी भरली होती, मी फोन केल्यावर ती काढून आग-धूर अडवणारं फायर सीलंट भरलं. आणि हूटर, म्हणजे आगीचा भोंगा! तो नेमका फळ्याच्या डोक्यावर लावलाय. टेस्टिंगला वाजला की खडू हातातून पडतो. जागा बदलायचे पैसे वेगळे मागतात, ते काही मला पटलेलं नाही.

बसवल्यावर विषय संपत नाही. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी घ्यावा लागतो, देखभाल चालू असल्याचा. त्याचे पैसे यांच्या पहिल्या कोटेशनमध्ये नसतात, तेव्हा काम देण्याआधीच तो दर लिहून घ्या.