जिप्सी, एमएम ५४० की सीजे ३बी: जुनी फोर बाय फोर घेताना काय तपासायचं

जुनी जीप बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि तिथेच अर्धा सौदा करून बसतो. हा क्रम उलटा आहे. या गाड्यांमध्ये इंजिन दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं. लाइनर-पिस्टन बदला, हेड प्लेन करून घ्या, डिझेल असेल तर पंप दाखवून आणा. पैसे जातात, पण गाडी चालायला लागते. न जुळणारे कागद आणि सडलेली चासी (गाडीचा खालचा सांगाडा) मात्र पैसे ओतूनही सरळ होत नाहीत. म्हणून आधी आरसी (नोंदणीचा कागद), मग चासी, मग पुढचा ॲक्सल आणि ट्रान्स्फर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणारी पेटी), आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे हौसेने घेतल्या जाणाऱ्या जुन्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणाऱ्या गाड्या, मुख्यतः तीन. विलीजच्या परवान्यावर महिंद्राने बनवलेली पेट्रोल सीजे ३बी, तीच ती 'हाय बॉनेट'. १९८० च्या दशकातली, प्यूजो डिझेल इंजिनाची एमएम ५४०. आणि १९८५ च्या डिसेंबरात आलेली मारुती जिप्सी. चौथी जोंगा, तिच्याबद्दल शेवटी थोडंसं.

कागद

'विंटेज' म्हणून विकली जाणारी बहुतेक गाडी कायद्याने विंटेज नसते. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या तरतुदीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूप फारसं न बदललेली गाडीच विंटेज ठरते. जिप्सी या व्याख्येत अजून बसूच शकत नाही, एमएम ५४० सुद्धा नाही. सीजे ३बी मात्र बसू शकते. तेव्हा तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती दहा वर्षं टिकते. पण एक मेख आहे: अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं, देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी न्यायची असेल तर विंटेज नोंदणीच्या मोहात पडू नका. साधी नोंदणी चालू ठेवलेली गाडी शोधा.

साध्या नोंदणीत खाजगी गाडीला १५ वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी पासिंग (आरटीओत तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण) करून घ्यावं लागतं. २० वर्षांवरच्या मोटारीसाठी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालं आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. मुदत संपून वर्षं लोटलेली गाडी स्वस्त दिसते ती यामुळेच. विक्रेता म्हणतो, "पासिंग तुम्ही करून घ्या, दोन दिवसांचं काम आहे." दोन दिवसांचंच काम असेल तर त्यालाच करू द्या आणि मग पैसे द्या.

सीजेचे कागद सगळ्यात अवघड. मूळ मालक हयात नसतो, वारस चार ठिकाणी असतात, आरसी जुन्या हातलिखित पुस्तकात असते आणि नोंद संगणकावर चढलेलीच नसते. आरटीओत ती 'बॅकलॉग' म्हणून चढवून घ्यावी लागते. तुमच्या नावावर करणं ही त्याच्या नंतरची पायरी. शिवाय पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक सीजेंमध्ये लोकांनी कधीकाळी डिझेल इंजिन बसवलं, पण आरसीवर अजून 'पेट्रोल'च आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असा बदल नोंदवल्याशिवाय चालत नाही. एमएम ५४० मध्ये हा घोळ कमी, कारण ती जन्मतःच डिझेल.

जिप्सीचा घोळ वेगळा, तो भूगोलाचा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यावर तिकडच्या जिप्सी मोठ्या संख्येने बाहेरच्या राज्यांत आल्या. गाडी चांगली असू शकते, पण एनओसी (तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला), इथला कर आणि नव्या नंबरची नोंदणी हा सगळा खर्च किमतीत धरा. ताडोबासारख्या जंगलांत सफारीला फिरलेल्या जिप्सीही विकायला येतात. त्या प्रवासी वाहतुकीच्या नोंदणीवर असतात. खाजगी करून घ्यायचं काम विक्रेत्याकडे टाका. जंगलातली धूळ किती गिळली आहे हे एअर फिल्टरचं घर उघडलं की कळतं.

आणि तिन्हींना लागू असलेली गोष्ट: चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या आणि आरसीशी एकेक आकडा ताडून बघा. आकड्यांची ओळ वाकडी असेल, आसपास ग्राइंडरचे ओरखडे किंवा वेल्डिंग असेल तर चहा पिऊन निघा. हरियाणातलं मंडी डबवाली जुन्या भागांतून नवी जीप बांधून देण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथलं काम दिसायला देखणं असतं, पण चासी एकीकडची आणि कागद दुसरीकडचे असतील तर ती गाडी कायम तुमच्या डोक्याला ताप.

चासी आणि पत्रा

गाडी कुठे राहिली हे आधी विचारा. नगर-सोलापूरकडची गाडी धुळीने भरलेली पण खालून कोरडी असते. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर राहिलेली गाडी वरून चकचकीत आणि खालून पोखरलेली असू शकते. नवा रंग मारलेली गाडी मला नेहमी संशयास्पद वाटते. जुना, उडालेला रंग निदान खोटं बोलत नाही.

छोटा हातोडा, स्क्रूड्रायव्हर आणि लोहचुंबक सोबत न्या. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्यायला सांगा. हातोडीने चासी ठोकत जा: ठणठणीत आवाज चांगला, बद्द आवाज वाईट. पत्र्यावर लोहचुंबक चिकटत नसेल तर आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

महिंद्राच्या जीपमध्ये पुढच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर आणि स्टेअरिंग बॉक्स बसतो ती जागा नीट पाहा. तिथे चासीला चिरा पडतात. चीर वेल्ड केलेली असणं हा गुन्हा नाही, पण पट्टी मारून नीट केलं आहे की नुसती टाक्यावर टाका वेल्डिंग केली आहे, ते बघा. वरचा पत्रा मात्र फार मनावर घेऊ नका. या जीपची अख्खी बॉडी नवी बनवून मिळते.

जिप्सीत नेमकं उलटं. चासी बहुधा टिकते, पत्रा सडतो. मॅट उचलून फ्लोअर बघा, मागच्या चाकांच्या कमानी, विंडशील्डच्या चौकटीचा तळ आणि चासीचं मागचं टोक बघा. विक्रेत्याने मॅट चिकटवून टाकली असेल तर त्यालाच काढायला सांगा.

सीजेबद्दल एक इशारा. "१९४२ ची युद्धातली विलीज" म्हणून विकली जाणारी जीप पुष्कळदा नंतरच्या जीपला लो बॉनेट बसवून तयार केलेली असते. युद्धकाळातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूच्या पुढच्या जाळीला नऊ फटी असतात, नागरी सीजेला सात. युद्धातल्या जीपला मागे उघडणारी फळी नसते आणि स्टेपनी मागेच टांगलेली असते. जाळी बदलता येते म्हणून एका खुणेवर विसंबू नका, पण सात फटी दाखवत युद्धाच्या गोष्टी सांगणाऱ्याशी भाव करायला हरकत नाही.

पुढचा ॲक्सल आणि फोर बाय फोर

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते. महिंद्राच्या कित्येक जीप मुळात टू व्हीलच (फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या) बनल्या होत्या आणि कित्येक फोर व्हीलवाल्यांचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसमधून ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) मायलेजसाठी काढून ठेवलेला असतो. लिव्हर दोन असले म्हणून फोर बाय फोर आहे असं समजू नका. खाली वाकून पुढच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियलचा (दोन्ही बाजूंना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा आहे का आणि शाफ्ट जोडलेला आहे का ते पाहा. मग गिअर टू व्हीलवर ठेवून, पुढच्या चाकांचे हब लॉक करून (म्हणजे चाकं ॲक्सलला जोडून), एका बाजूचं पुढचं चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. प्रोपेलर शाफ्ट फिरला पाहिजे. नंतर मोकळ्या मातीवर लो रेंज टाकून हळू चालवा, चढावर अचानक ॲक्सिलरेटर सोडा. लिव्हर उसळून बाहेर येत असेल तर ट्रान्स्फर केस उघडावी लागणार. हे डांबरी रस्त्यावर वळत करू नका. या गाड्यांना मधला डिफरन्शियल नसतो, शाफ्ट आणि क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यांवर) ताण येतो.

वॉबलिंग तिन्ही गाड्यांना होतं. ठरावीक वेगाला खड्डा लागला की स्टेअरिंग थरथरत सुटतं. कारण बहुधा किंगपिनचे बेअरिंग, पाट्यांचे बुश किंवा टाय रॉड एंड. पुढचं चाक उचलून वर-खाली हलवा, खेळ लगेच हाताला लागतो. जिप्सीत हे काम तुलनेने स्वस्तात होतं. सीजेत जुना स्टेअरिंग बॉक्स आणि बेल क्रँकही झिजलेले असतात, म्हणून स्टेअरिंगला थोडा प्ले गृहीतच धरा. सीजेचा हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागच्या ड्रमवर असतो. तिथे ऑइल गळत असेल तर तो ब्रेक केवळ शोभेचा.

इंजिन

गाडी थंड असतानाच जा. आधीच तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी या, असं सांगा.

सीजेचं २.२ लिटर हरिकेन पेट्रोल इंजिन साधं आणि दमदार आहे. त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळले की नुसतं हेड उतरवून भागत नाही. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर तपासा. गिअर तीन, आणि पहिला चालत्या गाडीत टाकताना खरखरतो. तो दोष नाही, घडणच तशी आहे.

एमएम ५४० चं प्यूजो एक्सडीपी ४.९० डिझेल २,११२ सीसीचं. थंडीत हिटर प्लगशिवाय रडतं. सुरू झाल्यावर पांढरा धूर थोडा वेळ चालेल, गरम झाल्यावरही निळा राहिला तर ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण काढून वाफ किती फेकते ते बघा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का तेही. हेड गॅस्केट तिथेच बोलतं. काहींमध्ये प्यूजो काढून महिंद्राचंच २.५ लिटर डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन बसवलेलं असतं. चालवायला ते सोपं, पण आरसीवर नोंद हवीच.

जिप्सीत पिढी बघा. सुरुवातीची एमजी ४१० म्हणजे ९७० सीसी, ४५ अश्वशक्ती. घाटात जीव जातो. १९९६ ची जिप्सी किंग १,२९८ सीसीची, आणि साधारण २००० पासून एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंधन इंजेक्शन), ८० अश्वशक्ती. घ्यायचीच तर हीच घ्या. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा. उत्तर अडखळत आलं तर लगेच बदलायचा खर्च किमतीतून कापून घ्या.

कोणाला कोणती

महिन्यातून चार वेळा बाहेर काढणार असाल, कधी मुंबईहून भंडारदऱ्याला जाणार असाल, घरचेही सोबत असतील तर जिप्सी. वजन जेमतेम टनभर असल्याने चिखलात ती इतर दोघींपेक्षा सहज निघते. तिचं उत्पादन २०१९ पर्यंत सुरू होतं, म्हणून सुटे भाग अजून मिळतात. उन्हाळ्यात भाजून निघाल आणि मागच्या सीटवरचा पाहुणा परत येणार नाही, हे आधीच मान्य करा.

हाताशी विश्वासू जुना मिस्त्री असेल आणि ताशी ६०-७० वर समाधानी राहणारा स्वभाव असेल तर एमएम ५४०. भाग पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला हुडकावे लागतात, आणि न मिळणारी वस्तू कोल्हापूरच्या उद्यमनगरात घडवून घेता येते. तिघींत माझं मन हिच्यावर आहे, पण मिस्त्री नसलेल्या माणसाला मी ती घ्यायला सांगणार नाही.

सीजे ३बी ही गॅरेजमध्ये दुसरी गाडी असलेल्याने घ्यावी. कागद स्वच्छ, इंजिन मूळ, नंबर जुळणारे असतील तरच. मोडकी पण मूळ गाडी, चकाचक पण जुळवलेल्या गाडीपेक्षा कधीही चांगली.

जोंगाचा मोह फोटो बघून होतो. निस्सानच्या परवान्यावर जबलपूरच्या कारखान्यात लष्करासाठी बनलेली ही गाडी, जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडरांचं पेट्रोल इंजिन. लिटरला चार-पाच किलोमीटर. बाजारात दिसणाऱ्या कित्येकींत दुसरंच डिझेल इंजिन असतं. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाडीला नोंदणीसाठी फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. फोनवर आधी तेच विचारा, आणि फोटो मागवा तो गाडीचा नाही, त्या कागदाचा.