युका कोन मोहो करायचाय, युका ताजा घ्यावा की फ्रोझन?

मी दोन्ही करून बसलोय म्हणून लिहितो. युका म्हणजे आपल्या साबुदाण्याचाच कंद, कोन मोहो म्हणजे मोहोसोबत, आणि मोहो म्हणजे लसूण, तेल आणि आंबट संत्र्याच्या रसाचा क्युबन सॉस, पण त्यात लसूण एवढा पडतो की उपासाचा विचार सोडून द्या.

मायामीत आलो तेव्हा पहिली तीन-चार वर्षं ताजाच आणायचो. चवीला तो सरस, खोटं कशाला बोलू, शिजून उलला की आतून मस्त पिठूळ लागतो. सालीला मेण लावलेलं असतं त्यामुळे पीलर घसरतो, पण उभी चीर देऊन आतल्या गुलाबी सालीखाली अंगठा घातला की निघते, त्याची तक्रार नाही. तक्रार आहे काळ्या रेघांची. हा कंद जमिनीतून काढला की २-३ दिवसांतच आतून बिघडायला लागतो, मेण लावतात ते त्यासाठीच, आणि त्या मेणामुळे बाहेरून सगळे सारखेच गुळगुळीत दिसतात. एका नोचेबुएनाला, म्हणजे २४ डिसेंबरच्या रात्री, डुकराच्या रोस्टसोबत युका हवाच, आठ माणसं यायची होती आणि मी आणलेला ५ पाउंड युका कापला तर आत निळ्या-काळ्या रेघा, निम्म्याच्या वर कचऱ्यात. दुकानं बंद झालेली. शेवटी शेजारच्या क्युबन आजींनी त्यांच्या फ्रीजरमधलं पाकीट दिलं, वर हसून म्हणाल्या, आम्ही ते सोलणं कधीच सोडलं.

तेव्हापासून मीही फ्रोझनवर आलो. सोललेला असतो, न वितळवता थेट मिठाच्या उकळत्या पाण्यात टाकायचा, मध्येच ग्लासभर गार पाणी ओतायचं, याला तिकडे युकाला घाबरवणं म्हणतात, मग तो छान फुटतो. पाणी फेकून द्यायचं आणि कच्चा युका तोंडात टाकायचा नाही, हे दोन्हींना लागू. वर ठेचलेला लसूण, त्यावर कडकडीत तेल चुर्रर्र, मग आंबट संत्र्याचा रस, नसेल तर लिंबू चालतं.

फ्रोझन कधीकधी पाणचट निघतो आणि एखादा तुकडा तासभर उकळला तरी दगडच राहतो, हे मान्य. मधला दोरा दोन्हीत काढावाच लागतो. तुमचा दुकानदार टोक मोडून आतला पांढरा भाग दाखवत असेल तर ताजा जरूर घ्या. मला मात्र रांगेत उभं राहून ते सांगायचा अजून संकोच वाटतो, आणि फ्रीजरात दोन पाकिटं कायम पडलेली असतात.