कॅमेरा 16,500 चा, गेले 19,798

लाज वाटते लिहायला, जुन्या कॅमेऱ्याच्या ऑनलाइन जाहिरातीत मी फसले. पण परवा भिशीत एकीने सांगितलं की तिचा भाचा पण महूच्या (इंदूरजवळच्या लष्करी छावणीतल्या) कुणा "फौजी"कडून लेन्स घेतोय, आणि मी तिथे गप्प बसून पोहे खाल्ले. घरी येऊन आधी तिला फोन केला, आता सगळ्यांसाठी लिहिते.

गच्चीवर माझी कढीपत्त्याची कुंडी आहे, पावसाळ्यात त्यावर फुलपाखराच्या अळ्या येतात, आधी अगदी चिमणीच्या शिटेसारख्या दिसतात आणि मग एक दिवस हिरव्यागार. मोबाईलच्या 2 मेगापिक्सेलवाल्या मॅक्रोने, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या कॅमेऱ्याने, नुसता हिरवा डाग येतो. हे म्हणाले निघतात की फोटो, नाही निघत हो. डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, आणि वर खरी मॅक्रो लेन्स म्हणजे बजेटच्या बाहेर, म्हणून पंधरा दिवस वाचून ऑलिम्पसच्या टीजी-5 ह्या छोट्या कॅमेऱ्यावर आले. खिशात मावतो, पावसात चालतो, मायक्रोस्कोप मोडमध्ये 1 सेंटिमीटरवरून फोकस होतो. 2017 चं मॉडेल, म्हणजे जुनाच घ्यायचा. हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की मी काही न वाचता उडी मारणारी बाई नाही.

जाहिरात 16,500 ची. महूत पोस्टिंग, जम्मूला ट्रान्सफर, सामान कमी करतोय... पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं रविवारी येते, इंदूरहून महू कितीसं लांब, तर "मॅडम, सिव्हिलियन को पास नहीं मिलेगा, आर्मी के पार्सल से घर पहुँच जाएगा". बरं, व्हिडिओ कॉलवर तरी दाखवा. तर म्हणे कँपात फोटो, व्हिडिओ सगळं बंद आहे.

इथे. इथेच माझं डोकं कुठे गेलं होतं? ज्या कँपात फोटो काढायला बंदी, तिथेच खाकी चादरीवर ठेवून त्या कॅमेऱ्याचे सहा फोटो काढले होते की! ती चादर मी झूम करून बघितली, कॅमेऱ्यावर ओरखडे आहेत का ते बघायला. सिरियल नंबरवर अंगठा होता, तोही दिसला, वाटलं चुकून आला असेल.

आणि सँपल म्हणून त्याने चतुर किड्याचा फोटो पाठवला, डोळा कडक शार्प आणि मागचं सगळं लोण्यासारखं मऊ. टीजी-5 चा सेन्सर (आतली फोटो टिपणारी चिप) नखाएवढा, भिंग किड्याच्या नाकाला लावावं लागतं, मागची झाडं-भिंती बऱ्यापैकी ओळखू येतात. हे मीच आदल्या आठवड्यात बहिणीला फोनवर समजावलं होतं! हा फोटो मोठ्या लेन्सचा, कुणाचा तरी ढापलेला. ओरिजिनल फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं टाईप केलं आणि पुसून टाकलं, फौजी माणसावर संशय काय घ्यायचा म्हणून. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो आला की कॅमेऱ्याचं नाव वगैरे सगळं उडतं, त्यामुळे ओरिजिनलच मागा, समोरचा चिडला तर चिडू दे.

पैसे असे गेले: पार्सलचे 1,550, अर्धी रक्कम 8,250, मग "रिफंडेबल इन्शुरन्स" 4,999, आणि ते "सिस्टीम में अटक गया" म्हणून परत 4,999. कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा 3,298 जास्तच, आणि चौथ्यांदा पैसे भरताना मला हा हिशोब येत नव्हता असं नाही, आधीचे अडकलेले सुटतील एवढंच दिसत होतं.

ह्यांना चार दिवस सांगितलं नाही. ही सगळ्यात मोठी चूक, 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, पहिल्या तासात फोन करायचा असतो, नवऱ्याला नंतर सांगा. मी पाचव्या दिवशी केला.

पुढे तर विचारूच नका. ठाण्यात म्हणाले सायबरवाल्यांकडे जा, तिथे दीड तास बसवून म्हणाले तुमचं ठाणं कुठलं, तिथेच अर्ज द्या. परत ठाणं. अर्जात टीजी-5 लिहिलं तर साहेब विचारतात "ये मोबाइल है क्या?" मग शेजारच्याकडे बघून हसत, "पढ़ी-लिखी होके भी!" अहो, मी तक्रार द्यायला आले होते, निकाल घ्यायला नाही. बँकेत तर कमालच, पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी तुमचाच, आम्ही काय करणार. स्टेटमेंटवर शिक्का मारून द्यायला तीन चकरा, एकदा शिक्केवाले जेवायला गेले होते, एकदा रजेवर. शेवटी कळलं त्या फौजीच्या खात्यात 312 रुपये गोठवलेत. त्यासाठीही कोर्टातून ऑर्डर आणा म्हणे!

आर्मीचं ओळखपत्र कुणी आपणहून पाठवलं तर तिथेच ब्लॉक करा, मला तर आधारसकट पाठवलं होतं. कॅमेरा हातात घेऊन, त्यात स्वतःचं कार्ड घालून, समोरच्या पानाचा फोटो काढल्याशिवाय रुपयाही देऊ नका. आणि कुणाकडे जुना डीएसएलआर पडून असेल तर त्याच्यासोबत आलेली साधी (किट) लेन्स उलटी लावायची रिंग काही शे रुपयांत मिळते, त्यानेही असे जवळचे फोटो निघतात, हे मला नंतर कळलं, भाच्याचा कॅमेरा कपाटात धूळ खात होता.

काल तीच जाहिरात परत दिसली. तीच खाकी चादर, तोच अंगठा, आता 15,900. रिपोर्ट केलं तर ॲपवाल्यांचा मेसेज आला की ह्या जाहिरातीत काही गैर आढळलं नाही.