वस्तरा की सेफ्टी रेझर: नऊ महिने दोन्ही वापरून

माझी दाढी राठ आणि मानेवरचे केस कुरळे. पंधराएक वर्षं पाच पात्यांचं कार्ट्रिज वापरलं आणि तितकीच वर्षं कॉलरखाली लाल पुळ्या घेऊन वावरलो. त्वचेच्या डॉक्टर बाईंनी कारण समजावून सांगितलं. पहिलं पातं केस ओढून धरतं, मागची पाती तो कातडीच्या पातळीखाली कापतात, आणि कुरळा केस वर यायच्याऐवजी आतल्या आत वळतो. "एका पात्यानं दाढी करा आणि उलटा हात बंद," एवढंच त्या म्हणाल्या.

एक पातं म्हणजे वस्तरा किंवा सेफ्टी रेझर. कुठलं घ्यावं ते ठरेना, म्हणून गेल्या ऑक्टोबरात दोन्ही आणले. तेव्हापासून आठवड्यातून सहा दिवस दाढी होते, त्यातले चार दिवस सेफ्टी, दोन दिवस वस्तरा.

ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांना आधीच सांगतो: सेफ्टी रेझर घ्या. बहुतेक पुळ्या पाच-सहा आठवड्यांत गेल्या त्या दोन्हींमुळे. सवय झाल्यावर गालावरून हात फिरवून आज काय वापरलं हे मला ओळखता येत नाही. वस्तऱ्याने जास्त गुळगुळीत दाढी होते असं ऐकून तो घेणार असाल तर घेऊ नका. खरा फरक धार कोण राखणार यात आहे. सेफ्टीची धार कारखान्यातून येते आणि बोथट झाली की आपण पातं टाकून देतो. वस्तऱ्याची धार दररोज आपल्यालाच राखावी लागते. ते काम आवडत असेल तर वस्तऱ्यासारखी दुसरी गोष्ट नाही, आणि नसेल तर तो महिन्याभरात कपाटात जाईल.

फेकायच्या पात्याचा सेफ्टी रेझर काढणाऱ्या किंग कॅम्प जिलेटने हेच ओझं माणसाच्या अंगावरून उतरवलं. जाळी असलेले सेफ्टी रेझर त्याच्या आधीही होते. अमेरिकेत काम्फे बंधूंचा १८८० सालचा होता, पण त्याचंही पातं काढून चामड्याच्या पट्ट्यावर घासावं लागायचं. फेकून देता येईल इतकं पातळ पोलादी पातं कडक करून त्याला धार लावणं हे अवघड काम विल्यम निकर्सन या अभियंत्याने जमवलं. १९०३ साली जिलेटचे ५१ रेझर विकले गेले, पुढच्या वर्षी ९० हजारांच्या वर. लोकांना धार लावायच्या कटकटीतून सुटायचं होतं, हे त्या आकड्यांत दिसतं.

माझा सेफ्टी रेझर जर्मनीतल्या म्यूलेचा आर ८९ आहे. तीन भाग, पात्याच्या कडेला सलग, दाते नसलेली दांडी, हातात छान वजन. साडेतीन हजारांच्या आसपास पडला. याच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही आणि तीच त्याची मोठी गोष्ट आहे. रेझरचं डोकं गालावर टेकवायचं, दांडा हळूहळू खाली आणायचा, पातं केसाला लागल्याचा खरखर आवाज आला की तो कोन धरून ठेवायचा. कार्ट्रिजच्या सवयीने हात दाबला जातो तेवढा सोडायचा. चौथ्या दिवशी मला जमलं. एक पातं माझ्या दाढीला पाच वेळा पुरतं. म्हणजे नऊ महिन्यांत तीस-बत्तीस पाती झाली, आणि तेवढी सगळी मिळून एका कार्ट्रिजच्या किमतीत बसली.

पात्यांचं मात्र स्वतःच करून बघावं लागतं. जपानचं फेदर गालावरच्या राठ केसांना अप्रतिम आहे. मानेसाठी मला आपल्याकडे कुठल्याही दुकानात मिळणारं सेव्हन ओ'क्लॉक बरं पडलं. दोन-तीन प्रकारची पाकिटं आणा आणि प्रत्येक आठवडाभर वापरा.

एक विनंती. वापरलेली पाती उघडी कचऱ्यात टाकू नका. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताई हातानेच ओला-सुका वेगळा करतात. मी पावडरच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून ठेवली आहे, पातं त्यात टाकतो. नऊ महिन्यांत डब्याचा तळही भरलेला नाही.

आता वस्तरा.

पहिला वस्तरा ऑनलाइन मागवला, अकराशे रुपयांचा, "दाढीसाठी तयार" असं लिहिलेला. खोका उघडून पातं उजेडात धरलं तर धारेची रेघ एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. काचेवर ठेवला तर हलत होता, म्हणजे पातं वाकलेलं. त्याने कागदही धड कापेना. परत घेणार नाही असं विक्रेत्याने कळवलं. अकराशे गेले याहून वाईट म्हणजे पहिले तीन आठवडे मी हे सगळं माझ्याच हाताचं न जमणं समजत राहिलो. म्हणून कळकळीने सांगतो, स्वस्त नवा वस्तरा घेऊ नका. त्याऐवजी चांगला जुना शोधा.

मला तो पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळाला, सहाशे रुपयांत. मुठीच्या पट्ट्या शिंगाच्या, पात्याच्या मुळाशी कंपनीचं नाव घासून गेलेलं, पण "शेफिल्ड, इंग्लंड" अजून वाचता येतं. जुना घेताना एकच बघा: गंज कुठे आहे? पाठीवर आणि मुठीजवळ डाग असले तरी चालतात. धारेच्या कडेला खड्डे असतील तर सोडून द्या, कारण कितीही घासलं तरी खाली नवा खड्डा निघतो. आणि धार लावायला तो सायकलवरच्या चाकवाल्याकडे देऊ नका. सुरी-कात्रीला तो माणूस उत्तम धार लावतो, पण फिरत्या चाकाच्या उष्णतेने वस्तऱ्याचं पातळ पोलाद मऊ पडतं आणि मग त्याचं काही होत नाही. वस्तऱ्याला निसणाच, म्हणजे धार लावायचा सपाट दगड लागतो, पाण्याचा, आणि सावकाश हात.

मला शिकवलं आमच्या गल्लीतल्या कटिंगच्या दुकानातल्या काकांनी. आता त्यांच्याकडेही अर्धं पातं बसवायचाच वस्तरा आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं, रोगराईच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण त्यांच्या वडिलांच्या धोकटीत दोन वस्तरे, निसणा आणि चामड्याचा पट्टा असायचा. वडील बलुत्यावर गावभर दाढ्या करत, आणि काका दहा-बारा वर्षांचे असल्यापासून वस्तरे पाजळून द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. मी शेफिल्डचा वस्तरा पुढे केला तेव्हा त्यांनी तो लगेच हातात घेतला नाही. आधी हात धुतले, पुसले. मग उघडून पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "माल चांगलाय. ठेवून जा दोन दिवस."

दोन दिवसांनी मनगटाजवळ कातडीला न टेकवता त्यांनी वस्तरा सरकवला आणि केस तुटून पडले. मग खुर्चीत स्वतः बसले, मला उभं केलं आणि स्वतःच्या गालावर मला हात मारायला लावला. माझा हात थरथरत होता. "अहो साहेब, दाबताय कशाला? त्याचं वजन आहे की त्याला," ते म्हणाले. वस्तऱ्याबद्दल मला जे काही समजलं आहे त्यातलं निम्मं त्या वाक्यात आहे.

पट्ट्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण नवा माणूस इथेच घोटाळा करतो. दाढीच्या आधी कापडी बाजूवर वीस-पंचवीस आणि चामड्यावर पन्नासेक फेऱ्या. वस्तरा पट्ट्यावर सपाट, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. पाठ पुढे, धार मागे ओढत न्यायची, आणि टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवरून उलटायचा, धारेवरून कधीच नाही. पहिल्या आठवड्यात मी घाईत एकदा धारेवरून उलटला आणि पट्ट्याला दोन इंचांची चीर पाडली. ती अजून आहे. पट्टा ताणून धरा, सैल सोडला की धार गोल होते. बरोबर चाललं असेल तर चामड्याचा आवाज एकसारखा येतो, मऊ, ओढल्यासारखा. चुकलं की आवाज आधी बदलतो, त्यामुळे डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवा.

चेहऱ्यावर तीस अंशांचा कोन, म्हणजे पाठ आणि गाल यांच्यात वस्तऱ्याच्या दोन पाठी मावतील इतकी फट. उजवा गाल उजव्या हाताने सोपा आहे. डाव्या गालाला दोनच पर्याय: उजवा हात नाकासमोरून आडवा नेणं, ज्यात आरसा झाकला जातो, किंवा डाव्या हाताने शिकणं. मी डावा हात शिकलो, त्यात दोन महिने गेले. दुसऱ्या हाताने कातडी ताणायची, कानाजवळ वर, जबड्याखाली खाली. हनुवटी सगळ्यात अवघड, तिथे केस तीन दिशांनी वाढतात आणि हाड वळलेलं. नऊ महिन्यांत चार वेळा कापलं, चारही वेळा तिथेच, आणि तीनदा कारण घाई हेच होतं.

पण मिशीची कड! सेफ्टीच्या टोपीखाली पातं नेमकं कुठे आहे ते दिसत नाही, अंदाजाने कड धरावी लागते आणि एक बाजू हमखास जास्त जाते. वस्तऱ्याचं टोक उघडं असतं, धार जिथे ठेवाल तिथेच कापते. माझ्या मिशीच्या दोन्ही बाजू पहिल्यांदा सारख्या झाल्या त्या वस्तऱ्याने. तीन-चार दिवसांची वाढलेली दाढीही त्याच्यापुढे सहज जाते, कारण त्यात केस अडकायला जागाच नाही. सेफ्टी अशा वेळी दर दोन हातांनी धुवावा लागतो.

वस्तऱ्याचं आणखी एक देणं आहे आणि ते मी धरलं नव्हतं. त्याने मला माझा चेहरा शिकवला. मानेच्या डाव्या बाजूला माझे केस वरून खाली नाही, कानाकडे आडवे वाढतात, हे मला चाळिशी ओलांडल्यावर वस्तरा धरताना कळलं. मग सेफ्टीनेही तिथे आडवा हात मारायला लागलो आणि उरलेल्या दोन-चार पुळ्याही गेल्या. वस्तरा घेणार नसाल तरी एकदा दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोटांनी केसांची दिशा बघून घ्या.

पाणी आणि पावसाळा यांचं वेगळं सांगायला हवं. आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं, जड. त्यात साबणाला फेस येत नाही, आला तरी मिनिटात बसतो. मी फेसासाठी कपभर फिल्टरचं पाणी वेगळं घेतो आणि फरक जमीन-अस्मानाचा आहे. पाणी वस्तऱ्यावर सुकलं तर डाग पडतो. जूनमध्ये दोन दिवस गावी गेलो आणि वस्तरा पुसून, पण तेल न लावता, बाथरूमच्या फळीवर राहिला. परत आल्यावर धारेपासून जेमतेम दोराभर अंतरावर तीन तपकिरी ठिपके. ते घासून निघाले, पण त्या दिवशी जीव खाली-वर झाला. आता दाढी झाली की कागदाने टिपतो, शिलाई मशीनचं तेल बोटाने चोळतो आणि बेडरूमच्या कपाटात, कुलपात ठेवतो. घरात लहान मूल आहे, त्यामुळे कुलूप तसंही हवंच. कोकणात राहणाऱ्यांनी तर तेलाला एक दिवसही चुकवू नये.

खर्च विचाराल तर वस्तरा, पट्टा आणि दोन निसणे मिळून साडेसहा हजारांच्या पुढे गेलो. वेळ: सेफ्टीला बारा मिनिटं, वस्तऱ्याला पट्टा आणि पुसणं धरून पंचवीस. विमानाने जाताना वस्तरा हातातल्या बॅगेत चालत नाही, सेफ्टीचं पातंही नाही. हात थरथरत असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर वस्तऱ्याच्या वाटेला जाऊच नका. आणि सराव म्हणून अर्ध्या पात्याचा दुकानी वस्तरा घ्यावा असं सुचवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. मी महिनाभर वापरून पाहिला. तो हलका असतो, त्यामुळे हात दाबला जातो, आणि त्या पात्याचे कोपरे जरासुद्धा माफ करत नाहीत.

दोन्हींनंतर तुरटी फिरवतो. जिथे झोंबते तिथे हात जास्त दाबला गेला, उद्या तिथे हलका.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. एप्रिलपासून निसण्यावर धार मीच लावतो आणि मधली धार छान बसते, पण टोकाकडचा अर्धा इंच केस ओढतो. मागच्या रविवारी काकांना दाखवला. त्यांनी वस्तरा बघितलाच नाही, निसणा कसा आहे ते विचारलं. वापरून वापरून मध्ये खोलगट झाला असणार म्हणाले, आधी तो सपाट करायला हवा. या रविवारी दगड घेऊन त्यांच्याकडे जातोय.