येऊरचा तो माशीमार : लाल छातीचा की टायगा?

चिमणीहून लहान, करडा-तपकिरी, शेपटी वर झटकणारा आणि शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे पांढरा. हिवाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या झाडीत असा पक्षी दिसला की तो बहुधा लाल छातीचा माशीमार असतो. हा पूर्व युरोपाकडून आपल्याकडे येतो आणि दरवर्षी भेटतो. त्याच्यासारखाच दिसणारा टायगा माशीमार सैबेरियाचा. तो ईशान्य भारत आणि त्यापलीकडे हिवाळा काढतो, म्हणून ठाण्यात त्याची नोंद करायची तर पुरावा भक्कम हवा. पूर्वी दोघांना एकाच जातीत धरत, यावरून साम्य किती ते कळेल.

नवखे आधी गळा पाहतात, आणि तिथेच फसतात. डिसेंबरात नारिंगी गळा दिसला तर तो टायगा नसल्याचीच खूण समजा. टायगा नराचा रंग हिवाळ्यात जातो, वसंताच्या सुमारास परत येतो. लाल छातीच्या प्रौढ नराचा मात्र वर्षभर टिकतो. मार्चमध्ये दोघेही रंगीत असू शकतात. तेव्हा टायगाचा नारिंगी फक्त गळ्यापुरता, खाली करडा पट्टा; दुसऱ्याचा छातीवर उतरलेला. पण माद्या आणि पहिल्या हिवाळ्यातले नर साधेच असतात आणि खरी अडचण त्यांचीच.

अशा वेळी चोच बघा : टायगाची पूर्ण काळी, दुसऱ्याची खालची चोच बुडाशी फिकट. झाडीच्या सावलीत मात्र फिकट चोचही काळी दिसते, म्हणून एवढ्यावर मी कधीच निर्णय देत नाही. शेपटीच्या मुळावरची पिसं जास्त भरवशाची. टायगात ती शेपटीहूनही काळीकुट्ट असतात, लाल छातीच्यात तेवढी नाहीत. पंख त्यांना झाकतात, तेव्हा शेपटी उचललेली असताना मागून फोटो घ्या.

यातलं एकच निवडायचं झालं तर मी आवाज निवडेन. लाल छातीच्याची खडखड संथ, त्यातले ठोके सुटे ऐकू येतात. टायगाची इतकी जलद आणि कोरडी की किडा किरकिरतोय असं वाटावं. मोबाइलवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. जंगलात आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका, त्याचा त्याला त्रास होतो.

नारिंगी छातीला दोन्हीकडून काळी किनार असेल तर तिसऱ्याचा, काश्मिरी माशीमाराचा विचार करा.

आवाज नाही, पाठमोरा फोटोही नाही? मग ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर दोघांची मिळून नोंद करायचा पर्याय आहे, तोच निवडा.