सोमा एफएम: गाणे ऐकता येते, निवडता येत नाही

सॅन फ्रान्सिस्कोहून चालणारे सोमा एफएम हे इंटरनेट रेडिओ केंद्र नाशिकमध्ये बसून ऐकायला पैसे पडत नाहीत आणि दोन गाण्यांच्या मध्ये जाहिरातही घुसत नाही; सारा खर्च श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतो. ‘सबर्ब्ज ऑफ गोवा’ या वाहिनीवर भारतीय वळणाच्या सुरावटींना इलेक्ट्रॉनिक ठेक्याची जोड असते, तर ‘ड्रोन झोन’वर ठेका जवळजवळ नसतोच, म्हणून रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्यांनी ती आवर्जून लावावी. १२८ केबीपीएसला (सेकंदाला १२८ किलोबिट) तासाला साधारण ५८ एमबी डेटा लागतो.

आवडलेले गाणे पुन्हा लावता येत नाही आणि नावडते पुढे ढकलता येत नाही, ही मात्र नव्या श्रोत्याला खटकणारी गोष्ट आहे. आधी वाजून गेलेल्या गाण्यांची यादी दिसते, पुढची दिसत नाही. यामागे अमेरिकेचा १९९८ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यातील वैधानिक परवान्यानुसार (म्हणजे ठरलेले शुल्क भरून, कंपन्यांशी वेगळा करार न करता गाणी वाजवण्याची मुभा) तीन तासांत एका अल्बममधील तीनपेक्षा जास्त गाणी वाजवता येत नाहीत, पुढची यादी आधी जाहीर करता येत नाही, आणि श्रोता स्वतः गाणी निवडू लागला की हा परवानाच लागू होत नाही, मग प्रत्येक ध्वनिमुद्रण कंपनीशी स्वतंत्र करार करावा लागतो.

या परवान्याच्या दराचे गणित याहून कठीण आहे. शुल्क प्रत्येक गाण्यावर, प्रत्येक श्रोत्यामागे मोजले जाते. जाहिरातींवर चालणाऱ्या केंद्रांसाठी २०२१ चा दर ०.००२१ डॉलर होता. हजार श्रोते आणि तासाला पंधरा गाणी धरली तर तासाला ३१.५० डॉलर होतात, म्हणजे श्रोते वाढले की खर्चही वाढतो. गंमत अशी की तिथले हवेतून प्रसारण करणारे साधे रेडिओ केंद्र गीतकार-संगीतकारांना मानधन देते, पण गायक-वादकांना आणि ध्वनिमुद्रण कंपनीला काहीच देत नाही. २००२ मध्ये अशाच दरांमुळे सोमा एफएमला प्रसारण काही महिने बंद ठेवावे लागले होते आणि लहान केंद्रांसाठी वेगळी तडजोड झाल्यावरच ते परतले.

असेच एखादे भावगीतांचे किंवा नाट्यसंगीताचे केंद्र कुणी पंचवटीतल्या एका खोलीतून का चालवत नाही, हा प्रश्न हे ऐकताना मला हटकून पडतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१-ड आले आणि ठरलेला दर भरून गाणी प्रसारित करण्याची वाट प्रसारकांना मिळाली. परंतु टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक हे इंटरनेटवर गाणी ऐकवणारे ॲप या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही वाट रेडिओ आणि दूरचित्रवाणीपुरतीच असून इंटरनेटला लागू नाही, असा निर्णय दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम केला. परिणामी एफएम केंद्राला जे कायद्याने मिळते, त्यासाठी इंटरनेट केंद्राला एकेका कंपनीच्या दारात जावे लागते, आणि दर काय लावायचा हे ती कंपनी ठरवते. हौशी माणसाचे ते काम नव्हे.

निवडीचे स्वातंत्र्य हवे असणाऱ्यांनी सोमा एफएमच्या वाटेला जाऊ नये. दुसऱ्याने जाणतेपणाने लावलेले अनोळखी संगीत ऐकण्याची तयारी असेल, तर याहून चांगली फुकट सेवा माझ्या ऐकण्यात नाही. महिनाभर ऐकून आवडली तर थोडी देणगी जरूर द्यावी. मात्र हे घरच्या ऐकण्यापुरतेच आहे. कॉलेज रोडवरच्या कॅफेत गिऱ्हाइकांसाठी लावायचे झाल्यास सार्वजनिक वादनाचा परवाना वेगळा काढावा लागतो.