माळाच्या कडेला शेततळं: कागदाचं की मातीचं?

उत्तर सोलापुरातल्या नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. सोनाका द्राक्षही याच नान्नजचं. बाग आणि माळ असे बांधाला बांध लागून आहेत. त्यामुळे कोरड्या सालात शेततळं घेताना प्लॅस्टिकचा कागद घालायचा की नाही, हे ठरवताना नुसता खर्च बघून भागत नाही.

कागद घातला की पाणी मुरत नाही. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं सुमारे २२ लाख लिटर धरतं. डाळिंबाची एकरी ३०० झाडं आणि उन्हाळ्यात झाडाला रोज ४० लिटर धरले, तर बागेला रोज १२ हजार लिटर लागतं. पण ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी भरलेल्या तळ्यातलं रोज सात हजार लिटर पाणी उडून जातं. तळं पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरलं असेल तर हे सोसता येतं. बोअर उपसून भरलं, तर जमिनीच्या पोटातलं पाणी आपणच उन्हात आणून ठेवतो, आणि शेजाऱ्याची विहीर व ओढ्यातलं डबकं लवकर आटतं. मग तहानलेलं जनावर आपल्याच तळ्यावर येतं.

२०१८ साली राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या तळ्यात काळविटाचं पाडस बुडालं. पाण्यापासून हात-दीड हात वर, चारही बाजूंच्या कागदावर खुरांचे पांढरे ओरखडे होते. ओल्या कागदावर खुराला धरच मिळत नाही. कुंपण 'नंतर करू' म्हणून मीच ठेवलं होतं. आता जाळीचं कुंपण आहे, चारी कोपऱ्यांत गाठी मारलेले जाड दोर पाण्यापर्यंत सोडलेत आणि कुंपणाबाहेर उथळ पाणवठा केलाय. नुसतं कुंपण घातलं तर जनावर पुढच्याच्या तळ्यात जाऊन पडतं.

मातीचं तळं मुरमाड रानात उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही, काळ्या रानात थोडं जास्त टिकतं. पण मुरलेलं पाणी विहिरीला लागतं आणि काठ उतरता ठेवला की जनावर पिऊन परत जातं. ज्वारी, हरभरा, करडईला एखाद-दुसरं संरक्षित पाणी द्यायला ते पुरतं. मालदांडी ज्वारी तर ओलीवरच येते, वर कडबाही मिळतो.

माळढोकासाठी हा फरक फार मोठा आहे. त्याला उघडं रान लागतं. ज्वारी-हरभऱ्यात तो नाकतोडे, भुंगेरे टिपत फिरतो. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. नर १५ किलोपर्यंत भरतो. समोरचं नीट दिसत नसल्यानं तो तारांवर आदळतो. द्राक्षाच्या मांडवात त्याला जागा उरत नाही. जगात तो आता अतिसंकटग्रस्त आहे.

ज्वारीच्या पैशात बागेचं कर्ज फिटत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून उभी बाग असेल तर कागद घालाच. ती वाळली तर पुन्हा उभी राहायला वर्षं जातात. फक्त तळं पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यानं भरा, आणि कुंपण, दोर, पाणवठा यांचे पैसे कागदाच्या अंदाजातच धरा. बाग अजून लावायचीच असेल, तर माळाकडेच्या तुकड्यात लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं मातीचं तळं करा, मालदांडी पेरा. बाग गावाकडच्या, विहिरीजवळच्या रानात धरा.